विरोध करणाऱ्यांत ६० टक्के भाडेकरू? (सोसायटीचा सर्व्हे आणि टक्क्यांचा घोळ)

कोराचहा | रविवार, रात्री ९.४०

मंडळी, डोकं उठलंय म्हणून धागा काढतेय. विषय रटाळ वाटेल, पण यावरून आमच्या दोन बिल्डिंगांमध्ये बोलणं बंद व्हायची वेळ आलीय.

आम्ही नाशकात पाथर्डी फाट्याला राहतो. सोसायटीचं नाव सांगत नाही, आकडेही मोजायला सोपे जावेत म्हणून जरा गोल केलेत. तीन इमारती, २८० फ्लॅट. पार्किंगमधून दोन दुचाक्या गेल्या, म्हणून कमिटीत ठरलं की मेन गेट रात्री ११ ला कुलूप लावून बंद, पहाटे ५ ला उघडायचं. न विचारता केलं तर बोंबाबोंब होईल, म्हणून सर्व्हे. एकपानी फॉर्म, तीन प्रश्न: तुम्ही मालक की भाडेकरू, गेट बंद करायला पाठिंबा की विरोध, आणि घरात कोणी शिफ्टला जातं का. २०० फॉर्म परत आले. मोजणी माझ्याकडे आली, कारण कमिटीत "तुम्ही अकाउंट्सवाल्या ना" हे वाक्य मलाच ऐकावं लागतं. डायनिंग टेबलवर चार गठ्ठे केले, वर पोळपाट, वाट्या, जे सापडेल ते ठेवलं (पंखा बंद करायला कोणी तयार नव्हतं) आणि हा तक्ता काढला:

| | पाठिंबा | विरोध | एकूण |
|---|---|---|---|
| मालक | १०५ | ४५ | १५० |
| भाडेकरू | २० | ३० | ५० |
| एकूण | १२५ | ७५ | २०० |

सेक्रेटरींचा फोन आला, "भाडेकरूंचं काय म्हणणं?" मी म्हटलं, "भाडेकरूंमध्ये ६० टक्के विरोध आहे." अर्ध्या तासात ग्रुपवर मेसेज: "सर्व्हेनुसार विरोध करणाऱ्यांमध्ये ६०% भाडेकरू आहेत. दोन वर्षांसाठी आलेल्यांनी सोसायटीचे निर्णय ठरवू नयेत." त्यावर बी विंगमधल्या एका काकांनी तक्त्याचा फोटो मागवून घेतला आणि लिहिलं, "साफ खोटं. विरोध करणाऱ्यांमध्ये ६०% मालक आहेत." झालं. तीन दिवस दोघंही साठ साठ करत भांडताहेत, आणि मला दोघंही विचारतात की तुमचा तक्ता खरा का खोटा.

मी पुन्हा मोजलं. दोन्ही ६० माझ्याच तक्त्यातून निघतात. मग वाक्यं एकमेकांच्या उलट कशी? पुढच्या रविवारी मीटिंग आहे, त्याआधी बोर्डावर नीट नोटीस लावायचीय. कोणी सोप्या भाषेत सांगेल का?

---

मुंबईनाका | रविवार, रात्री ९.५२

माझ्या अभ्यासानुसार सोसायटीच्या भांडणांपैकी १०० टक्के पार्किंगपासूनच सुरू होतात. चालू द्या, मी पोहे घेऊन बसलोय.

---

सरासरीमास्तर | रविवार, रात्री १०.३०

कोराचहा, तक्ता बरोबर आहे. सेक्रेटरींचं वाक्य चूक, काकांचं बरोबर. तुमचंही बरोबर होतं, फक्त फोनवर सांगताना ते निसरडं झालं.

तक्त्यातला एकच चौकोन घ्या, भाडेकरू आणि विरोध: ३०. या ३० चे तीन वेगवेगळे टक्के निघतात.

भाडेकरू ५०, त्यांपैकी विरोधात ३०, म्हणजे ६० टक्के. यात शंभर धरले भाडेकरू.

विरोधात ७५, त्यांपैकी भाडेकरू ३०, म्हणजे ४० टक्के. यात शंभर धरले विरोधक.

सगळे मिळून २००, त्यांपैकी "भाडेकरू आणि विरोधात" असे ३०, म्हणजे १५ टक्के.

अंश तोच, छेद तीन. सेक्रेटरींनी पहिल्याचं उत्तर दुसऱ्याच्या वाक्यात बसवलं. काकांचे ६० वेगळ्याच चौकोनातले आहेत: ७५ विरोधकांपैकी मालक ४५. दोन्हीकडे साठच यावेत हा निव्वळ योगायोग, आणि घोळ त्यानेच वाढवला. एकाचे ६० आणि दुसऱ्याचे ४७ असते तर कुणीतरी थांबून विचारलं असतं.

मी कॉलेजात तीसेक वर्षं सांख्यिकी शिकवली. शाळेत मुलं शतमान स्तंभालेख काढून आलेली असतात. पट्टी, रंग, सूची, सगळं नेटकं. पण "यातले शंभर कोण?" असं विचारलं की वर्ग पंख्याकडे बघायचा. त्यावर मला मराठीतलाच एक उपाय सापडला होता. "मध्ये" हा शब्द सोडा, "पैकी" वापरा. आपण मार्क सांगताना कसं म्हणतो? "शंभरपैकी बहात्तर". "पैकी"च्या आधी येतो तो छेद. भाडेकरूंपैकी ६० टक्के विरोधात. विरोधकांपैकी ४० टक्के भाडेकरू. एवढं केलं की दोन वाक्यं एकमेकांत मिसळत नाहीत. "भाडेकरूंमध्ये विरोध ६० टक्के" यात कान काहीही ऐकू शकतो, आणि सेक्रेटरींच्या कानाने जे ऐकायचं ते ऐकलं.

---

तर्कट | रविवार, रात्री ११.०५

मास्तर, पण तिन्ही टक्के गणिताने बरोबरच आहेत ना? मग नोटिशीत कुठला लावायचा हे कोण ठरवणार? ज्याला जो सोयीचा तो तो लावेल.

---

सरासरीमास्तर | सोमवार, सकाळी ६.२०

प्रश्न ठरवणार. मालक आणि भाडेकरू यांची मतं वेगळी आहेत का, असा प्रश्न असेल तर तुलना मालकांची भाडेकरूंशी आहे. मग दोघांना प्रत्येकी शंभर धरा. मालकांपैकी ३० टक्के विरोधात, भाडेकरूंपैकी ६० टक्के. ज्यांची तुलना, शंभर त्यांना. या तक्त्यात ते गट आडव्या ओळींत आहेत, म्हणून टक्के ओळीने काढायचे आणि वाचायचे मात्र वरून खाली: ३०, ६०.

पण समजा सेक्रेटरींना विरोधकांची समजूत घालायला दारोदार जायचंय, आणि कुणाच्या दारी जास्त जावं लागेल हे बघायचंय. मग शंभर धरा विरोधकांना: ६० मालक, ४० भाडेकरू. वेगळा प्रश्न, वेगळं उत्तर, तेही खरंच.

यात काकांसाठीही एक खाच आहे बरं का. "विरोधकांपैकी ६० टक्के मालक" हे बरोबर असलं तरी यावरून मालकच जास्त चिडलेत असं वाटतं. मुळात फॉर्म भरणाऱ्यांपैकीच ७५ टक्के मालक आहेत. चारात तीन मालक असलेल्या जागी विरोधकांत मालक ६० च निघाले, म्हणजे त्यांच्या हिश्शापेक्षा कमी. मोठा गट सगळ्याच ढिगांत मोठा दिसतो.

---

पिव्होटताई | सोमवार, दुपारी १.१५ (डबा खाताना)

मास्तरांच्या शेवटच्या वाक्याला माझं टायटॅनिकचं उदाहरण चपखल बसतं. नवीन पोरं टीममध्ये आली की मी पहिल्या दिवशी हेच देते. १९१२ च्या त्या जहाजावरच्या २,२०१ जणांची यादी सरावासाठी सगळीकडे वापरतात.

| | वाचले | एकूण |
|---|---|---|
| पहिला वर्ग | २०३ | ३२५ |
| दुसरा वर्ग | ११८ | २८५ |
| तिसरा वर्ग | १७८ | ७०६ |
| कर्मचारी | २१२ | ८८५ |
| एकूण | ७११ | २,२०१ |

वाचलेल्यांपैकी सगळ्यात मोठा गट कर्मचाऱ्यांचा, ३० टक्के. पोरं लगेच लिहितात, "कर्मचाऱ्यांनी आधी स्वतःचा जीव वाचवला." आता उलटं करा: कर्मचाऱ्यांपैकी किती वाचले? २४ टक्के. चारही गटांत सगळ्यात कमी! पहिल्या वर्गापैकी ६२ टक्के. कर्मचारी मुळात ८८५ होते, म्हणून ढीग मोठा दिसला.

एक्सेलमध्ये ही चूक फार सोपी आहे. पिव्होट टेबलात (एक्सेल आपोआप बेरजा करून देतं तो तक्ता) आकड्यावर राइट क्लिक केलं की "शो व्हॅल्यूज ॲज" येतं. त्यात ग्रँड टोटल, कॉलम टोटल, रो टोटल असे पर्याय असतात आणि घाईत पहिला दिसेल तो दाबला जातो. कुठला लागलाय ते ओळखायचं तर १०० टक्के कुठे आलेत ते बघा. ओळीच्या शेवटी १०० असेल तर ओळीचे, रकान्याच्या तळाला असेल तर रकान्याचे, फक्त कोपऱ्यात असेल तर सगळ्यांचे. म्हणून तो १०० चा रकाना छान दिसावा म्हणून उडवू नका. आमच्या एका साहेबांना तो "रिपिटेटिव्ह" वाटतो. तेवढाच तर पुरावा असतो!

---

निफाडी | सोमवार, रात्री ८.१०

वाचतोय दुपारपासनं. आमच्याकडं शेकडा, आणेवारी हे जुनंच. पैसेवारी ५० च्या आत आली का दुष्काळाची चर्चा सुरू. तिथंबी भांडण हेच, की पन्नास पैसे कशाच्या मानानं धरले.

पण ताई, तुमचं जहाज वाचलं आणि माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. आमचा द्राक्षवाल्यांचा गट आहे. मागं एकानं ठासून सांगितलं, "डाऊनी (द्राक्षावरची बुरशी) आलेल्या वीस प्लॉटात बारा उशिरा छाटलेले. म्हंजे साठ टक्के. गोडी छाटणी लवकर उरका." आम्ही माना डोलावल्या. आत्ता वही काढली. एकूण ४८ प्लॉट. लवकर छाटलेले १२, त्यात डाऊनी ८. उशिरा छाटलेले ३६, त्यात डाऊनी १२.

म्हंजे लवकरवाल्यांपैकी ६७ टक्के, आणि उशिरावाल्यांपैकी ३३ टक्के. बरोबर का मास्तर? सगळं उलटंच की! अन् हे पटतं पण, लवकर छाटलं का कोवळी फूट परतीच्या पावसात सापडते, डाऊनी धरणारच. डोळ्याला दिसत होतं, पण त्या साठ टक्क्यानं गप्प केलं.

---

सरासरीमास्तर | सोमवार, रात्री ८.४५

शंभरपैकी शंभर! फक्त १२ प्लॉट म्हणजे फार थोडे. एखाददुसरा इकडचा तिकडे झाला की ६७ चे ५८ नाहीतर ७५ होतात. टक्क्यांशेजारी "१२ पैकी ८" हेही लिहीत जा, म्हणजे ऐकणाऱ्याला वजन कळतं.

---

मुंबईनाका | सोमवार, रात्री ९.००

पोहे संपले. मास्तर, मी शाळेत असताना तुम्ही कुठे होतात?

---

रात्रपाळी | मंगळवार, पहाटे ५.५०

नमस्कार. पाच वर्षं वाचनमात्र आहे, आज लिहितोय कारण मी भाडेकरू आहे, अंबड एमआयडीसीत आहे, आणि आयडी बघा.

ताई, तुमची सोसायटी माझी नाही, पण गोष्ट माझीच आहे. सेकंड शिफ्ट सुटून घरी यायला साडेबारा होतात. आमच्याकडे गेट अकराला बंद. वॉचमन झोपला असेल तर बाइक बाहेर लावून भिंतीवरून उडी. एकदा पँट फाटली, एकदा शेजारच्या बंगल्यातलं कुत्रं मागे लागलं. मी विरोधात मत दिलं तर ते मी "दोन वर्षांसाठी आलेला" आहे म्हणून दिलं का? माझा घरमालक त्याच बिल्डिंगमध्ये राहतो, त्याचा मुलगा सातपूरला थर्ड शिफ्टला. तोही विरोधातच आहे.

तुमच्या फॉर्मवर तिसरा प्रश्न होता ना, शिफ्टचा? त्याचं काय झालं? धाग्यात कुठेच दिसला नाही.

---

कोराचहा | मंगळवार, सकाळी ९.३०

रात्रपाळी, खरं सांगते, मोजलाच नव्हता. सेक्रेटरींनी मालक-भाडेकरू एवढंच विचारलं, मी तेवढेच गठ्ठे केले. फॉर्म अजून पिशवीत आहेत. आज संध्याकाळी बसते.

---

कोराचहा | मंगळवार, रात्री ११.१५

मोजले. दोनदा मोजले, दुसऱ्यांदा नवऱ्याकडून, कारण माझा विश्वास बसेना.

| | पाठिंबा | विरोध | एकूण | पाठिंबा किती टक्के |
|---|---|---|---|---|
| मालक, घरात शिफ्टवालं कोणी आहे | ५ | २० | २५ | २० |
| मालक, शिफ्ट नाही | १०० | २५ | १२५ | ८० |
| भाडेकरू, घरात शिफ्टवालं कोणी आहे | ६ | २६ | ३२ | १९ |
| भाडेकरू, शिफ्ट नाही | १४ | ४ | १८ | ७८ |

शेवटचा रकाना बघा. २०, ८०, १९, ७८. म्हणजे मालक आणि भाडेकरू यांत काही फरकच नाही! शिफ्ट असली की गेट बंद नको, नसली की हवं. तीन दिवस आम्ही भलत्याच कारणावरून भांडलो.

---

तर्कट | मंगळवार, रात्री ११.४०

थांबा थांबा. आधी तक्ता सांगत होता की भाडेकरूंचा विरोध दुप्पट. आता म्हणता फरकच नाही. मग पहिला तक्ता खोटा होता का? आणि उद्या कुणी चौथा प्रश्न मोजला की हाही खोटा? असं कुठवर चालणार?

---

सरासरीमास्तर | बुधवार, सकाळी ६.३५

रात्रपाळी, बरं केलंत लिहिलंत. तीस वर्षं शिकवून तिसऱ्या प्रश्नाची आठवण मला व्हायला हवी होती.

तर्कट, पहिला तक्ता खोटा नव्हता. भाडेकरूंपैकी ६० टक्के विरोधात होते हे आजही खरं आहे. खोटं होतं ते त्यामागे आपण चिकटवलेलं कारण. भाडेकरूंपैकी ६४ टक्के घरांत शिफ्टवालं कोणीतरी आहे (५० पैकी ३२), मालकांपैकी जेमतेम १७ टक्के (१५० पैकी २५). एमआयडीसीत नोकरी लागली की माणूस आधी पाथर्डी फाट्याला भाड्यानेच घर बघतो, त्यात नवल नाही. शिफ्टचा विरोध भाडेकरूंच्या नावावर जमा झाला, एवढंच.

शक्य आहे का की दोघांतला पहिला फरक निव्वळ योगायोगाचा होता? तेही तपासता येतं. मालकी आणि मत यांचा काहीच संबंध नसता तर ५० भाडेकरूंत विरोधक किती अपेक्षित होते? ओळीची बेरीज गुणिले रकान्याची बेरीज, भागिले एकूण: ५० × ७५ ÷ २०० = १८.७५. निघाले ३०. चारही चौकोनांत असाच फरक काढून कार्ल पिअर्सनची काय-वर्ग चाचणी (१९०० सालची) लावली तर १४.४ येतात, अशा तक्त्यात ३.८४ च्या वर गेलं की योगायोग म्हणत नाहीत, कारण संबंध नसताना एवढा फरक शंभरात पाचांपेक्षा कमी वेळा दिसतो. म्हणजे संबंध पक्का. पण संबंध आहे एवढंच ही चाचणी सांगते. का आहे, हे सांगायला रात्रपाळींची फाटलेली पँट लागली.

तुमचा "कुठवर" हा प्रश्न मात्र वाजवी आहे. उत्तर फॉर्म छापायच्या आधी द्यायचं असतं: या निर्णयाचा त्रास कुणाला होणार? गेट रात्री बंद होणार म्हणजे रात्री येणाऱ्याला. ज्याने कुणी फॉर्ममध्ये शिफ्टचा प्रश्न घातला त्याला हे सुचलं होतं. घरात मांजर आहे का, हा प्रश्न विचारून उपयोग नव्हता.

कधीकधी असं वेगळं केल्यावर फरक मिटत नाही, चक्क उलटा होतो. मला स्वतःला मूतखडा झाला होता तेव्हा वाचलेला १९८६ चा एक ब्रिटिश अभ्यास सांगतो. उघडी शस्त्रक्रिया यशस्वी ३५० पैकी २७३, म्हणजे ७८ टक्के. पाठीतून छोटं छिद्र पाडून खडा काढायची पद्धत यशस्वी ३५० पैकी २८९, म्हणजे ८३ टक्के. छिद्रवाली बरी, हो ना? आता खड्याच्या आकाराने वेगळं करा. लहान खडे: उघडी ८७ पैकी ८१ (९३ टक्के), छिद्रवाली २७० पैकी २३४ (८७ टक्के). मोठे खडे: उघडी २६३ पैकी १९२ (७३ टक्के), छिद्रवाली ८० पैकी ५५ (६९ टक्के). दोन्ही आकारांत उघडी सरस, आणि एकत्र केलं की छिद्रवाली सरस! कारण अवघड, मोठे खडे बहुतेक उघड्या शस्त्रक्रियेच्या वाट्याला आले होते. याला सिम्प्सनचा विरोधाभास म्हणतात. सिम्प्सनचा लेख १९५१ चा, पण यूलने १९०३ मध्येच हे दाखवलं होतं. कोराचहा, तुमच्याकडे उलटं झालेलं नाही, फक्त मिटलंय, त्यामुळे मीटिंगमध्ये हे नाव फेकू नका. काका शोधून काढतील.

(माझा खडा लहान होता. पाणी पिऊन पडला.)

---

पिव्होटताई | बुधवार, दुपारी १.२०

मास्तरांच्या खड्याला माझे नमस्कार.

नोटिशीसाठी दोन बारीक गोष्टी. "भाडेकरूंचा विरोध ३० टक्क्यांनी जास्त" असं लिहू नका. ३० वरून ६० म्हणजे कुणी म्हणेल ३० ने जास्त, कुणी म्हणेल १०० टक्क्यांनी जास्त, आणि दोघंही हट्टाला पेटतील. सरळ "मालकांपैकी ३०, भाडेकरूंपैकी ६०" लिहा, वजाबाकी ज्याची त्याला करू द्या. आणि दशांश नको. १८ घरांच्या गटाला ७७.७८ टक्के लिहिणं म्हणजे वजनकाट्यावर हळदीकुंकू वाहिल्यासारखं. त्या गटात एक घर म्हणजेच साडेपाच टक्के.

छेदाची अजून एक गंमत. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता ८२.३४ टक्के, पण ती पूर्ण लोकसंख्येपैकी नाही. ७ वर्षांखालची मुलं छेदात धरलेलीच नाहीत. हे माहीत नसताना मी एका प्रेझेंटेशनमध्ये साक्षरतेच्या टक्क्यांना अख्ख्या लोकसंख्येने गुणलं होतं. समोरच्यांनी सभ्यपणे काही म्हटलं नाही, म्हणून जास्त लागलं.

---

रात्रपाळी | गुरुवार, पहाटे ५.४०

एक शंका. २८० फ्लॅट, २०० फॉर्म. बाकीचे ८० कोण? आणि फॉर्म वाटले किती वाजता?

---

कोराचहा | गुरुवार, सकाळी ८.५०

अरे देवा.

२० फ्लॅट बंद आहेत, कुलूप. राहते २६०: मालक १८०, भाडेकरू ८०. म्हणजे मालकांपैकी ८३ टक्क्यांनी फॉर्म भरला, भाडेकरूंपैकी ६३ टक्क्यांनीच. आणि वाटले संध्याकाळी ७ ते ९, दोन दिवस. दार उघडलं नाही तर "घरी नाहीत" म्हणून पुढे. सेकंड शिफ्टवाला त्या वेळी घरी असणारच नाही. ज्याला विचारायला हवं नेमकं त्यालाच विचारलं नाही!

---

सरासरीमास्तर | गुरुवार, सकाळी ९.१५

ही खरी मेख. चाचणीबिचणी सगळं नंतर.

घाबरू नका, हद्द काढता येते. न भरलेले ६० सगळे विरोधात गेले असं धरा: पाठिंबा १२५, छेद २६०, म्हणजे ४८ टक्के. सगळे पाठिंब्यात धरले तर १८५ भागिले २६०, ७१ टक्के. खरा आकडा यांच्यामध्ये कुठेतरी, आणि खाली झुकलेला असायची शक्यता जास्त, कारण गैरहजरांत शिफ्टवाले जास्त असणार. "साडेबासष्ट टक्के लोकांचा पाठिंबा आहे" हे वाक्य तुम्ही आज तरी बोर्डावर लावू शकत नाही. "फॉर्म भरलेल्या २०० घरांपैकी १२५ घरांचा पाठिंबा" हे लावू शकता.

---

निफाडी | गुरुवार, रात्री ७.३०

ताई शनिवारी दुपारी बाराला फिरा. त्या टायमाला सेकंडवाला उठून जेवायला बसलेला असतो. माझा चुलतभाऊ तसाच आहे.

---

कोराचहा | रविवार, रात्री १०.०५

मीटिंग झाली, म्हणून अपडेट.

शनिवारी बारा ते दोन मी आणि बी विंगचे काका (हो, तेच) फिरलो. ३१ फॉर्म मिळाले, एका घरी वरण-भात पण. त्यातले २३ विरोधात. आता २३१ पैकी पाठिंबा १३३, म्हणजे ५८ टक्के. नोटीस अशी लावली होती, वर तक्ता आणि खाली चारच ओळी:

"फॉर्म भरलेल्या २३१ घरांपैकी १३३ घरे गेट बंद करण्याच्या बाजूने, ९८ विरोधात. पहिल्या २०० फॉर्मनुसार, शिफ्टला जाणारे कोणी असलेल्या ५७ घरांपैकी ४६ विरोधात. शिफ्ट नसलेल्या १४३ घरांपैकी २९ विरोधात. राहत्या २६० घरांपैकी २९ घरांचे मत मिळालेले नाही."

मालक-भाडेकरू हा शब्द कुठेच नाही. सेक्रेटरींनी विचारलं, "टक्के का नाही टाकले?" काकांनी परस्पर उत्तर दिलं, "तुम्ही पुन्हा फोन करायला नको म्हणून."

ठरलं असं: मोठं गेट अकराला बंद, बाजूचं छोटं गेट वॉचमनच्या केबिनसमोर आहे ते चालू, शिफ्टवाल्यांच्या बाइकला स्टिकर. वॉचमनला रात्री जागं कोण ठेवणार यावर अर्धा तास गेला, ते अजून लोंबकळतंय. ग्रुपवरचा तो मेसेज सेक्रेटरींनी डिलीट केला, माफी वगैरे काही नाही.

आता पुढचं काम गळ्यात पडलंय. २०२७ च्या सिंहस्थाला प्रत्येकाकडे पाहुणे येणार, त्यांच्या गाड्या कुठे लावायच्या याचा सर्व्हे. मास्तर, फॉर्ममध्ये काय काय विचारू?

---

सरासरीमास्तर | सोमवार, सकाळी ६.१५

आधी हे विचारा की तुमच्याकडे स्वतःच्या किती गाड्या आहेत आणि ठरलेल्या जागा किती. पाहुण्यांचा आकडा कुणालाच आत्ता माहीत नाही, त्यावर सर्व्हे करू नका. आणि फॉर्म एकदा सकाळी, एकदा दुपारी, एकदा रात्री वाटा.

---

मुंबईनाका | सोमवार, सकाळी ९.४०

बघा, पुन्हा पार्किंग.